नाक्यावरचा माणूस : युरोपच्या सीमाशुल्क-सुधारणांचा एक दुर्लक्षित अध्याय

जकातदार हा मनुष्य कोणत्याही काळी लोकांच्या प्रीतीस उतरलेला नाही. रोमन अमलातील पॅलेस्टाईनमध्ये जकातदार आणि पापी हे शब्द जोडीनेच उच्चारले जात. कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला प्रभूने हाक मारली तेव्हा भल्याभल्यांनी नाके मुरडली. पुढे हाच मत्तय करवसुली करणाऱ्यांचा आश्रयदाता संत ठरला. इटलीच्या 'ग्वार्दिया दी फिनान्त्सा' या सशस्त्र करदलाचाही तोच आश्रयदाता आहे. २० जून १९९१ रोजी युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेने सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक योजना मंजूर केली आणि तिला 'मॅथियस' असे लॅटिन नाव दिले. हा मॅथियस म्हणजे आपला मत्तयच.

हे नाव ठेवले गेले तेव्हा समुदायाच्या अंतर्गत सीमांवरील नाक्यांचे दिवस भरत आले होते. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते बंद व्हावयाचे होते. युरोपच्या एकीकरणाचा इतिहास बहुधा करार, परिषदा आणि मुत्सद्दी यांच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच इतिहास नाक्यावर बसलेल्या माणसाच्या अंगाने पाहू इच्छितो. माल कोणत्या वाटेने जाईल याचा विचार सुधारकांनी नेहमी आधी केला. त्या वाटेवर पोट भरणाऱ्या माणसाचा विचार मागाहून झाला आणि काही वेळा झालाच नाही. या विलंबाची किंमत अखेर कोणी मोजली, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

या कथेची सुरुवात बरीच जुनी आहे. क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये जकात वसूल करण्याचा मक्ता 'फेर्म जेनेराल' या धनिकांच्या मंडळीकडे होता. राजाला ठरलेली रक्कम द्यावयाची आणि त्यावरची वसुली आपल्या पदरात पाडून घ्यावयाची, असा तो व्यवहार. या मक्तेदारांच्या पदरी वीस हजारांहून अधिक सशस्त्र पहारेकरी होते. देशातल्या देशात, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेतानाही जकात पडे आणि मिठाची चोरटी वाहतूक करणाऱ्या गरिबांना जबर शिक्षा भोगाव्या लागत. १७९० साली अंतर्गत जकाती रद्द झाल्या, १७९१ साली मक्ता मोडला गेला आणि राष्ट्राच्या नावाने काम करणारे सीमाशुल्क खाते उभे राहिले. मक्तेदारांवरील लोकक्षोभ एवढा तीव्र होता की ८ मे १७९४ रोजी ज्यांची मस्तके उडविली गेली त्यांत थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हाही होता, कारण तोही एक मक्तेदार होता. राष्ट्राच्या नव्या सीमेवर पहारा मात्र बव्हंशी जुन्याच पहारेकऱ्यांकडून करून घ्यावा लागला. धनी बदलला, नाक्याची जागा बदलली; चाकर तोच राहिला.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथाचा कर्ता ॲडम स्मिथ सीमाशुल्क आयुक्त होता. १७७८ पासून १७९० मधील मृत्यूपर्यंत वर्षाला ६०० पौंडांच्या वेतनावर त्याने हे पद निष्ठेने सांभाळले. त्याचे वडीलही कर्कॉडी बंदरातील सीमाशुल्क अधिकारी होते. पद स्वीकारल्यावर स्मिथने आयातबंदी असलेल्या मालाची यादी वाचली. आपल्या अंगावरच्या बहुतेक वस्तू त्या यादीत आहेत हे ध्यानी येताच त्याने त्या जाळून टाकल्या, असे त्याने स्वतःच एका पत्रात लिहिले आहे. कायदा व्यवहाराला सोडून असला की प्रामाणिक अधिकाऱ्याची कशी कोंडी होते, याचे हे बोलके उदाहरण होय. १७८४ साली ब्रिटनने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाची चोरटी आयात ओसरली. पहारेकऱ्यांच्या बंदुकांना जे जमले नव्हते ते समंजस करदराने साधले.

जर्मन राज्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १ जानेवारी १८३४ रोजी 'त्सोलफेराइन' हा सीमाशुल्क संघ अमलात आला. अठरा राज्ये आणि सुमारे २ कोटी ३० लाख लोक त्यात सामावले होते. आदल्या रात्री अडसरांपाशी मालगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि बाराचे ठोके पडताच अडसर उचलले जाऊन जयघोषात गाड्या पुढे सरकल्या, असे जर्मन इतिहासकारांनी मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे. गाडीवानांचा आनंद इतिहासात नोंदला गेला. अडसर उचलणाऱ्या हाताची नोंद मात्र सापडत नाही.

असा युरोपीय प्रयोग आपल्या कोकणभूमीवरही होऊन गेला आहे. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांचा एक सीमाशुल्क संघ बनविला. दोन्ही मुलखांमधील जमिनीवरची जकात गेली; बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला सालिना चार लाख रुपये मिळू लागले. मिठावर जगणाऱ्या कुटुंबांची त्यात फार होरपळ झाली. १८९२ साली तह संपला आणि सीमेवर पुन्हा नाके उभे राहिले. नाका उठविणे आणि पुन्हा बसविणे यांत सामान्यांच्या संसाराची कशी उलथापालथ होते, हे गोमंतकाने त्या काळीच अनुभवले होते.

आता विसाव्या शतकाकडे वळू. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे झालेल्या करारानुसार सहा राष्ट्रांनी आपसांतील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने रद्द करावयाचे ठरविले. ठरल्या मुदतीच्या दीड वर्ष आधीच, १ जुलै १९६८ रोजी, हे काम पुरे झाले. मग नाके तेव्हाच का उठले नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आपसांतील शुल्क संपले असले तरी मूल्यवर्धित कराचे आणि मद्य-तंबाखूवरील करांचे दर प्रत्येक देशात वेगळे होते. व्यापाराची आकडेवारी सीमेवरच गोळा होई. जनावरे व वनस्पती यांची तपासणी, वाहतुकीचे परवाने, निर्बंध असलेल्या वस्तू, या सर्वांसाठी ट्रक थांबवावाच लागे. नाक्यावर शुल्क उरले नाही, पण कागद उरला. आणि कागदाबरोबर तो तपासणारा कारकूनही उरला.

त्या कारकुनाची नोकरी सुखाची होती असे कोणी समजू नये. २२ ऑगस्ट १९७२ रोजी आयर्लंडच्या सीमेजवळील न्यूरी येथील सीमाशुल्क कार्यालयात बॉम्बस्फोट झाला आणि नऊ माणसे प्राणांस मुकली. बॉम्ब आणणाऱ्यांबरोबर तेथे काम करणारे कर्मचारी आणि कागद घेऊन आलेले ट्रकचालकही त्यात गेले. सीमेचे राजकारण दूरच्या राजधानीत ठरते, आणि त्याचा घाव मात्र सीमेवर बसलेल्याच्या छातीवर पडतो.

पुढील प्रसंग इतिहासाच्या विचित्र न्यायाचा नमुना आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटलीच्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी नियमावर बोट ठेवून संथ गतीने काम सुरू केले. फ्रेंच कर्मचाऱ्यांतही असंतोष होता. आल्प्सच्या कडाक्याच्या थंडीत, मोंब्लाँ बोगद्याच्या तोंडाशी ट्रकांच्या रांगा लागल्या. संतापलेल्या ट्रकचालकांनी फ्रान्सभर रस्ते अडविले. या कोंडीने राज्यकर्त्यांची झोप उडाली. त्याच वर्षी १३ जुलै रोजी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सारब्र्युकेन येथे करार करून आपसांतील सीमेवरची तपासणी सैल केली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी, मोझेल नदीतील एका नौकेवर, पाच राष्ट्रांनी सीमातपासणी टप्प्याटप्प्याने उठविण्याचा करार केला. त्याच महिन्यात आयोगाचे सदस्य लॉर्ड कॉकफील्ड यांनी अंतर्गत बाजारपेठेची श्वेतपत्रिका मांडली. १९८६ च्या 'एकल युरोपीय कायद्या'ने १९९२ ची अखेर ही मुदत पक्की केली.

नाक्यावरच्या माणसाने आपल्या भाकरीसाठी आवाज उठविला आणि त्या आवाजाने नाकाच उठविण्याच्या निर्णयाला गती दिली. त्यांची मागणी अन्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. ट्रकचालकांचा संतापही खोटा नव्हता. परंतु त्या दोघांच्या भांडणात शासनकर्त्यांना जे दिसले ते एवढेच की नाका हा अडथळा आहे. तेथील माणसाची तक्रार काय होती, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

१९८८ च्या प्रारंभापासून अनेक प्रकारच्या फॉर्मांच्या जागी एकच प्रशासकीय दस्तऐवज आला. नंतर ३१ डिसेंबर १९९२ ची मध्यरात्र उलटली आणि बारा राष्ट्रांमधील सीमांवर मालाची सीमाशुल्क तपासणी थांबली. वर्षाला सुमारे सहा कोटी कागदपत्रे अनावश्यक ठरली. दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन मध्यरात्रीची ही मोठी आवृत्तीच म्हणावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडक्यांमागे बसणारी माणसे कोठे गेली? येथे दोन गट करावे लागतात. पहिला गट सरकारी नोकरांचा. त्यांच्या नोकऱ्या बहुतांशी टिकल्या, पण काम आणि गाव बदलले. फ्रान्समध्ये १९९३ पासून मद्य व तत्सम वस्तूंवरील अप्रत्यक्ष करांचे काम सीमाशुल्क खात्याकडे सोपविण्यात आले. काल सीमेवर ट्रकांचे सील तपासणारे खाते आज द्राक्षबागायतदारांच्या नोंदी तपासू लागले. जर्मनीत पुढे २००४ पासून बांधकामे, उपाहारगृहे अशा ठिकाणी नोंद न करता राबविल्या जाणाऱ्या मजुरांचा शोध घेण्याचे काम सीमाशुल्क खात्याने हाती घेतले आणि २०१४ पासून वाहनकरही त्याच्याकडे आला. ऑस्ट्रियात हिरव्या गणवेशाचे 'त्सोलवाखे' हे सीमाशुल्क पहारादल होते. १ मे २००४ रोजी पूर्वेकडील शेजारी राष्ट्रे युरोपीय संघात आली आणि ते दल विसर्जित झाले. त्यातील अनेकांनी पोलिसांचा गणवेश चढविला. पगार चालू राहिला हे खरे. पण पिढ्यानुपिढ्या जपलेली ओळख एका आदेशाने पुसली गेली.

दुसरा गट होता खाजगी मध्यस्थांचा. मुंबई बंदरात आपण ज्यांना क्लिअरिंग एजंट म्हणतो, तेच हे लोक. स्पेनच्या सीमेवरील इरून, ऑस्ट्रिया-इटलीमधील ब्रेनर अशा गावांचे अर्थकारण या धंद्यावर उभे होते. इरूनला १९९३ साली आणि ब्रेनरला, ऑस्ट्रिया संघात आल्यावर, १९९५ साली धक्का बसला. १७ डिसेंबर १९९२ रोजी, म्हणजे नाके बंद होण्यास जेमतेम पंधरवडा उरला असता, मंत्रिपरिषदेने या व्यावसायिकांना नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी साहाय्य देणारा नियम संमत केला. मुदत सात वर्षांपूर्वी ठरली होती. मदत पंधरा दिवस आधी आली. 'एदुआर द्युब्वा आणि पुत्र' या फ्रेंच मध्यस्थ कंपनीने नुकसानभरपाईसाठी समुदायाच्या न्यायालयात धाव घेतली. २९ जानेवारी १९९८ रोजी दावा फेटाळला गेला. हानीचे मूळ 'एकल युरोपीय कायद्या'त आहे. तो सार्वभौम राष्ट्रांनी केलेला करार असल्याने समुदायाच्या संस्थांना त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. ८ जुलै १९९९ रोजी अपीलही फेटाळले गेले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्य असेल. तथापि ज्याचा धंदा बुडाला त्याला एवढेच कळले, की सर्वांनी मिळून केलेल्या गोष्टीला कोणीच उत्तरदायी नसतो.

नाके उठले म्हणून लबाडी उठली नाही. तिने वाट बदलली. बाहेरून आलेला माल शुल्क न भरता समुदायातून पुढे नेण्याची जी 'ट्रान्झिट' पद्धत होती, ती कागद आणि शिक्के यांवर चाले. खोटे शिक्के मारून सिगारेटींचे साठे वाटेतच गायब होऊ लागले. युरोपीय संसदेने १९९६-९७ मध्ये याची चौकशी केली आणि कालांतराने ही पद्धत संगणकावर आली. मूल्यवर्धित कर गोळा करून पसार होणाऱ्या बोगस कंपन्यांचा सुळसुळाट हाही सीमातपासणी संपल्याचाच परिणाम होता. १८ डिसेंबर १९९७ च्या नेपल्स येथील करारान्वये सीमाशुल्क अधिकाऱ्यांना परस्परांच्या देशांत पाठलाग करण्याची आणि संयुक्त तपासाची मुभा मिळाली. नाक्यावरच्या माणसाला आता चोराच्या डोळ्यांत पाहून संशय घेता येत नव्हता. त्याला हिशेबाच्या वह्या आणि पडद्यावरचे आकडे वाचायला शिकावे लागले. 'मॅथियस' योजनेतील भाषावर्ग आणि देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण यांचे मोल तेव्हा कळले.

पोलंडचा अनुभव या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. २००४ नंतर संघाची बाह्य सीमा पूर्वेकडे सरकली आणि बेलारूस व युक्रेनलगतच्या नाक्यांवर कामाचा भार आला. जानेवारी २००८ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांनी अपुऱ्या वेतनाविरुद्ध आंदोलन केले आणि गोठविणाऱ्या थंडीत ट्रकांच्या मैलोगणती रांगा लागल्या. १९८४ चे आल्प्समधील दृश्य चोवीस वर्षांनी जणू पुन्हा उभे राहिले. पुढे १ मार्च २०१७ रोजी पोलंडने करखाते व सीमाशुल्क खाते एकत्र केले. अनेक गणवेशधारी अधिकाऱ्यांना साध्या नागरी नोकरीचे पत्र हाती पडले. काहींना तर कोणतेच पत्र आले नाही, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर त्यांची सेवा आपोआप संपली. कित्येकांनी न्यायालयाची पायरी चढली. मनुष्याला कामावरून काढताना कारण सांगण्याचीही तसदी न घेणे, हा आमच्या मते कोणत्याही सुधारणेवरील मोठा कलंक होय.

इतिहासाने आणखी एक फेरा घेतला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन व संघ यांच्यामध्ये सीमाशुल्काचे कागद पुन्हा आले. सुमारे ५०,००० जाणकार मध्यस्थ लागतील असा अंदाज त्या वेळी ब्रिटनमध्ये मांडला जात होता. ज्या कौशल्याला १९९३ साली मोल उरले नव्हते, तेच शिकविण्यासाठी सरकारला अनुदाने द्यावी लागली. नेदरलँड्सनेही आपल्या बंदरांसाठी शेकडो नवे अधिकारी नेमले. जाणकारांची एक पिढी हातची घालविली की ती बाजारातून विकत आणता येत नाही.

१७ मे २०२३ रोजी युरोपीय आयोगाने १९६८ नंतरच्या सर्वांत मोठ्या सीमाशुल्क-सुधारणेचा प्रस्ताव मांडला. सत्तावीस देशांच्या वेगवेगळ्या संगणकप्रणालींच्या जागी एक सामायिक माहितीकोश, एक युरोपीय सीमाशुल्क प्राधिकरण आणि १५० युरोपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी रद्द करणे, ही त्याची प्रमुख अंगे. घरबसल्या मागविलेल्या वस्तूंच्या महापुराने ही वेळ आणली. २०२४ साली अशा कमी किमतीच्या सुमारे ४६० कोटी वस्तू संघात आल्या, म्हणजे रोज सव्वा कोटीच्या आसपास. त्यांतील ९१ टक्के चीनमधून आल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये मंत्रिपरिषदेने १ जुलै २०२६ पासून अशा मालावर प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे तीन युरो शुल्क लावण्याचे ठरविले. एवढ्या पुडक्यांपैकी कोणते उघडावे, हे माणसाच्या नजरेने ठरविणे अशक्य आहे. ते गणकयंत्र सांगणार, आणि उघडणारा हात तेवढा माणसाचा राहणार.

यंत्राचा आम्हांस द्वेष नाही. परंतु यंत्रामागेही माणूस असतोच. अँटवर्प बंदरात २०२३ साली ११६ टन कोकेन पकडले गेले. शेजारच्या रॉटरडॅममध्ये तर कोणते कंटेनर तपासावयाचे हे संगणकावर ठरविणारा एक अधिकारीच तस्करांना सामील झाल्याचे उघड होऊन २०१७ साली त्याला दीर्घ कारावास झाला. पूर्वी लाच द्यावयाची तर नाक्यावरील अनेकांचे हात ओले करावे लागत. आता एका बोटाची एक कळ पुरते. जितकी माणसे कमी, तितका उरलेल्या प्रत्येकाच्या सदसद्विवेकावरचा भार अधिक. त्याचे प्रशिक्षण, वेतन आणि संरक्षण यांत काटकसर करणे म्हणजे घराला भक्कम दार बसवून कडीसाठी सुतळी वापरणे होय.

या सर्व इतिहासातून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाका कधीच नाहीसा होत नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. प्रांताच्या वेशीवरून राष्ट्राच्या सीमेवर, तेथून संघाच्या कडेवर, आणि आता पडद्यावर. ज्या सुधारणेत त्याच्यासोबत माणसालाही शिकवून, सांभाळून नेले गेले तेथे नवा नाका लवकर उभा राहिला. जेथे माणूस मागे टाकला गेला तेथे चोरवाटा, खटले किंवा ट्रकांच्या रांगा वाट्याला आल्या. १ जुलै २०१७ रोजी मुंबईचे जकात नाके बंद झाले तेव्हा दहिसरची कोंडी सुटेल म्हणून आपण सारे सुखावलो. तेथील कर्मचाऱ्यांना महापालिकेच्या अन्य खात्यांत सामावून घेण्यात आले हे उचितच झाले. पण त्यांचे पुढे काय झाले असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मत्तय नाक्यावरून उठला, कारण कोणीतरी त्याच्याजवळ थांबून त्याला नावाने हाक मारली होती. नाके उठविणाऱ्यांनी तेथे बसलेल्याचे नाव आधी विचारावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.